सालींच्या पाण्याने सगळेच साफ होत नाही: 'वनस्पतीजन्य म्हणजे सुरक्षित' या संदेशाला मुद्देसूद उत्तर

कार्यालये, सोसायट्या आणि हाउसकीपिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय असा: "फिनेल, ॲसिड, ब्लीच ही विषे आहेत. वनस्पतीजन्य क्लीनर शंभर टक्के सुरक्षित. लिंबू-संत्र्याच्या सालींचे बायोएन्झाइम बनवा. ते सर्व जंतू मारते, ओझोन सोडून हवा शुद्ध करते आणि कुठल्याही फरशीला चालते. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घातला की कोणताही डाग निघतो. हातमोजे लागत नाहीत, कितीही ओतले तरी चालते. जुनी केमिकले आजच मोरीत ओतून टाका."

संदेशामागची काळजी रास्त आहे. रोज सहा-आठ तास पोछा मारणाऱ्या, संडास घासणाऱ्या माणसाच्या छातीत आणि कातडीत काय जाते याचा विचार आपल्याकडे फार कमी होतो. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये युरोपातल्या 22 केंद्रांमधील 6,235 लोकांच्या सुमारे 20 वर्षांच्या नोंदी तपासल्या. घरी किंवा कामावर सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटलेली त्यात दिसली. म्हणजे बदल करायलाच हवा. पण या संदेशाबरहुकूम केला, तर त्याच बाईच्या वाट्याला नवा धोका येईल, आणि काही ठिकाणी तो जुन्यापेक्षा मोठा असेल. म्हणून एकेक दावा तपासू.

"वनस्पतीजन्य क्लीनर शंभर टक्के सुरक्षित"

'वनस्पतीजन्य' या शब्दातून कच्चा माल कुठून आला एवढेच कळते. तो अंगावर पडला, श्वासातून गेला तर काय होईल, हे त्यातून कळत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचे 'बायोप्रेफर्ड' हे लेबल घ्या. त्यावरचा टक्का कार्बन-14 मोजून काढतात. मालातला कार्बन आजच्या वनस्पतींचा किती आणि जमिनीतल्या तेलाचा किती, हे त्या चाचणीतून समजते. विषारीपणाची तपासणी त्यात नसते.

नारळ किंवा पाम तेलापासून बनलेले सोडियम लॉरिल सल्फेटही वनस्पतीजन्यच. त्वचारोगाच्या चाचण्यांत कातडीला मुद्दाम दाह करायचा असेल तर हाच पदार्थ नमुना म्हणून लावतात. खरे पांढरे फिनेल पाइनच्या तेलाचे असते, म्हणजे ज्या फिनेलला हा संदेश विष म्हणतो त्यातला एक प्रकार थेट झाडातूनच येतो. (काळे फिनेल वेगळे, ते कोळशाच्या डांबरातले.)

सगळ्यात महत्त्वाचे उदाहरण संत्र्याच्या सालीतल्या तेलाचे, म्हणजे लिमोनीनचे. 'ऑरेंज डीग्रीझर' म्हणून जे विकतात त्यात मुख्य काम हेच करते. ग्रीस, च्युइंगम, स्टिकरचा गोंद यांवर ते उत्तम चालते. पण त्याचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, 48 अंश सेल्सिअस आहे. रॉकेलचा 35-40 च्या आसपास असतो, म्हणजे दोघांत फार अंतर नाही. कँटीनच्या गरम शेगडीवर किंवा चालू चिमणीत त्याचा फवारा मारणे म्हणजे आगीला बोलावणे. शिवाय बाटली उघडी राहिली की लिमोनीन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइडे कातडीला ॲलर्जी लावतात. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, पुढे थोडासा स्पर्शही पुरतो. त्यामुळे असा माल लहान डब्यांत घ्यावा, झाकण घट्ट लावावे, उघडल्याची तारीख डब्यावर लिहावी आणि नायट्राइलचे हातमोजे घालूनच वापरावा.

यंत्रांचे भाग धुणाऱ्या वर्कशॉपमध्ये रॉकेलऐवजी मिथाइल एस्टर हे सोयाबीन तेलापासून बनवलेले द्रावक वापरतात. हा बदल चांगला आहे. त्याचा ज्वलनबिंदू 100 अंशांच्या बराच वर असतो आणि वाफ फार थोडी. ते सावकाश सुकते व मागे तेलकट थर ठेवते, म्हणून नंतर साबणपाण्याने धुण्याची एक पायरी वाढते. पण त्याने भिजलेली फडकी ढिगात टाकली तर हवा लागून आतून तापतात आणि काडी न लावता पेटू शकतात. ती झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात बुडवून ठेवायची. हा इशारा संदेशात कुठेच नाही.

"बायोएन्झाइम सर्व जंतू मारते"

कृती सर्वांना पाठ आहे: 1 भाग गूळ, 3 भाग साली, 10 भाग पाणी, 90 दिवस. सुरुवातीच्या महिन्यात रोज झाकण सैल करावे लागते, नाहीतर बाटली फुटते. काचेची तर वापरूच नये. शेवटी जे मिळते ते मुख्यतः पातळ आम्ल असते. ॲसेटिक आणि लॅक्टिक आम्ल, थोडे अल्कोहोल, सालीतले थोडे तेल, पीएच (आम्लतेचे माप; 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल) साधारण 3 ते 4. सिरॅमिक टाइलवरचे हलके क्षार आणि मोरीचा वास यांवर ते बऱ्यापैकी काम करते. घरी करणाऱ्यांनी जरूर करावे.

पण जंतुनाशक म्हणजे काय? ठरलेल्या प्रमाणात, ठरलेल्या वेळात, ठरलेल्या जंतूंची संख्या ठरलेल्या पटीने घटवणारा आणि प्रत्येक खेपेस तेवढेच घटवणारा पदार्थ. घरच्या पिंपातले दोन घाणे एकसारखे निघत नाहीत. गूळ वेगळा, साली वेगळ्या, उन्हाळा वेगळा. आंबणे पुरते झाले नसेल तर साखर उरते. मग फरशी चिकटते, मुंग्या येतात, चिलटे घोंगावतात.

वनस्पतीजन्य जंतुनाशके नसतात असे नाही. ओव्याच्या तेलातला थायमॉल हा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे नोंदलेल्या जंतुनाशकांतला सक्रिय घटक आहे. मात्र त्यातल्या बऱ्याच उत्पादनांना पृष्ठभाग 10 मिनिटे ओला राहावा लागतो. मे महिन्यात पंख्याखाली टेबल दोन मिनिटांत सुकते. मग जंतू मरत नाहीत, फक्त ओव्याचा वास राहतो. त्यामुळे लेबलवर संपर्काचा वेळ शोधा आणि घड्याळ लावून पाहा.

दवाखान्यात रक्त सांडले तर त्यावर सालींचे पाणी चालणार नाही. तिथे शोषून घेणारे कापड टाकून 1 टक्का हायपोक्लोराइट (म्हणजे ब्लीचचे द्रावण) ओतायचे आणि किमान 10 मिनिटे ठेवायचे. बाजारातले 5 टक्क्यांचे द्रावण असेल तर 1 भागाला 4 भाग पाणी. उलट कार्यालयातल्या टेबलांना, काचांना, जिन्याला रोज जंतुनाशक लागतच नाही. तिथे साबणपाण्याने मळ निघाला की बहुतांश जंतू मळाबरोबर जातात. कामगाराच्या छातीचे खरे रक्षण इथे होते: जिथे गरज नाही तिथले ब्लीच आणि क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम वर्गातली जंतुनाशके) बंद करण्यात.

"ओझोन सोडून हवा शुद्ध करते"

आंबताना निघतो तो कार्बन डायऑक्साइड. ओझोन तयार होत नाही, आणि झाला असता तर चांगले नव्हते, कारण ओझोन फुप्फुसाला दाह करतो. प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे. बाहेरून आलेला किंवा फोटोकॉपी यंत्रातून निघालेला ओझोन लिंबू-पाइनच्या सुगंधी तेलांशी मिसळला की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. म्हणून बंद वातानुकूलित खोलीत सुगंधाचा मारा टाळावा. विना-सुगंध माल मागा. 'लिंबाचा वास आला म्हणजे साफ झाले' ही सवय मोडायला वेळ लागतो, पण ती मोडावीच लागेल.

"कुठल्याही फरशीला चालते"

शहाबादी, कोटा, कडप्पा हे चुनखडीचे दगड, आणि संगमरवरही मूळ चुनखडीच. लिंबू, व्हिनेगर, बायोएन्झाइम यांतले आम्ल त्यांना खाते. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. रोज पुसल्यावर काही आठवड्यांत चकाकी जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्या खरखरीत जागी मळ आधीपेक्षा घट्ट बसतो. मग कंत्राटदार आणखी कडक ॲसिड आणतो.

आपल्याकडच्या जुन्या शाळा, सरकारी कार्यालये, चाळींचे व्हरांडे यांत शहाबादीच जास्त. तिथे पीएच 7 ते 9 मधला क्लीनरच हवा. नारळ-पाम तेलातले अल्कोहोल आणि साखर यांपासून बनणारी अल्किल पॉलिग्लुकोसाइडे इथे चांगली. ती कातडीला सौम्य असतात आणि जड पाण्यातही काम करतात. खोबरेल तेलाचा साधा साबण बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात फाटतो आणि फरशीवर राखाडी साय धरतो, तसे यांचे होत नाही. रिठ्याचे पाणी मऊ असले तरी दोन-तीन दिवसांत आंबते आणि डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते. रोजच्या व्यावसायिक कामाला ते सोयीचे नाही.

"व्हिनेगर आणि सोडा एकत्र करा"

आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात. 5 टक्के व्हिनेगरच्या 100 मिलीत 5 ग्रॅम ॲसेटिक आम्ल असते. त्याला संपवायला 7 ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. फेस ओसरला की भांड्यात उरते सोडियम ॲसिटेटचे पाणी, आणि साफसफाईत त्याचा काही उपयोग नाही. दोन्ही वेगवेगळे वापरा. क्षारांच्या डागावर आम्ल, तेलकटपणावर सोडा. कँटीनच्या ओशट टाइलला धुण्याचा सोडा, साधारण 20 ग्रॅम 1 लिटर गरम पाण्यात, आणि वर थोडा ग्लुकोसाइड क्लीनर. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आणि जाळ्यांना मात्र धुण्याचा सोडा लावू नये, ती काळी पडतात.

संडासातले ॲसिड मात्र खरोखर बंद करावे. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा, डोळ्यांत उडणारे थेंब, गंजणारे नळ यांच्या मानाने मिळते ते फार थोडे. पर्याय आहे सायट्रिक आम्ल. ते मळी किंवा साखरेवर बुरशी वाढवून बनवतात. भांड्यातले पाणी ब्रशने आत ढकलून कमी करा. 1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा. कडेच्या पिवळ्या थरावर टिश्यू किंवा जुने सुती फडके लावून त्यावर ते ओता, म्हणजे ते घसरणार नाही. अर्धा तास ठेवा, थर जुना असेल तर रात्रभर. मग घासा. ॲसिडसारखे दोन मिनिटांत होत नाही, आणि सुपरवायझर नेमका इथेच 'हे चालत नाही' म्हणून ते सोडून देतो. वेळ रात्रीचा ठरवला की चालते. भुकटी ओतताना मास्क आणि चष्मा हवा.

"हातमोजे लागत नाहीत, कितीही ओतले तरी चालते"

दिवसभर नुसते पाणी लागले तरी हात फाटतात. हातमोजे लागतातच. आणि जास्त ओतलेला क्लीनर फरशीवर थर धरतो, पाय घसरतात, मळ लवकर बसतो. अंदाजाने ओतू देऊ नका, मापाचे झाकण किंवा पंप द्या. फवारा थेट पृष्ठभागावर मारण्याऐवजी फडक्यावर घ्या. छातीत जाणारे कण एवढ्यानेच बरेच कमी होतात.

मग बदल करायचा कसा

विक्रेत्याकडून आधी सुरक्षा माहितीपत्र मागा. त्याचे 16 विभाग असतात. दुसरा (धोके), तिसरा (घटक), आठवा (हातमोजे, मास्क), नववा (पीएच, ज्वलनबिंदू) आणि दहावा (कशात मिसळू नये) नीट वाचा. 'नैसर्गिक मालाला हे लागत नाही' असे उत्तर आले तर तो माल घेऊ नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये काढलेल्या ग्रीनवॉशिंगविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार 'नैसर्गिक', 'इको-फ्रेंडली' असे शब्द नुसते वापरून चालत नाहीत, त्यांना आधार द्यावा लागतो. तो आधार मागणे हा तुमचा हक्क आहे.

चाचणी स्वतः करता येते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1989 च्या कायद्याने स्थापन झालेली टॉक्सिक्स यूज रिडक्शन इन्स्टिट्यूट (विषारी रसायनांचा वापर घटवण्यासाठीची संस्था) ज्या पद्धतीने उद्योगांसाठी क्लीनर तपासते, तिचे सार सोपे आहे: स्वच्छ पट्टीचे वजन, मळ लावून वजन, धुऊन सुकवून वजन. 0.50 ग्रॅम मळ लावला आणि 0.06 उरला, तर 88 टक्के निघाला. तुमच्याकडे 0.01 ग्रॅमचा काटा असेल तर स्टीलच्या पट्ट्यांवर कँटीनचेच तेल लावून हे करा. प्रत्येक क्लीनरच्या तीन पट्ट्या घ्या आणि एक पट्टी नुसत्या पाण्याची ठेवा. पाण्याची पट्टी विसरू नका. पुष्कळदा निम्मे काम पाणी आणि घासणेच करत असते.

फरशीसाठी एकाच मार्गिकेत 1 मीटरचे चौकोन आखा. बाटल्यांवर नावाऐवजी क, ख, ग लिहा, म्हणजे पुसणाऱ्याला आणि बघणाऱ्याला जुना-नवा कळणार नाही. तोच मॉप, तेच पाणी, तेवढेच हात. दगडावर कोपऱ्यात थेंब टाकून 24 तासांनी चकाकी पाहा. दोन आठवडे चालवा आणि रोज कामगारांना विचारा: खोकला, डोळे, हात. ते लिहून ठेवा, नाहीतर विसरले जाते.

किंमत डब्याची पाहू नका, बादलीतल्या पाण्याची पाहा. समजा 180 रुपये लिटरचा माल 1 भागाला 40 भाग पाण्यात चालतो. तयार द्रावण 4 रुपये 39 पैसे लिटर पडले. 60 रुपयांचा माल 1 ला 10 लागतो, तर 5 रुपये 45 पैसे. स्वस्त डबा महाग ठरला.

"जुनी केमिकले आजच मोरीत ओतून टाका"

संदेशातले सर्वांत घातक वाक्य हेच. ॲसिड आणि ब्लीच एकाच मोरीत गेले की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो माणसाला आडवा करतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक आम्ल किंवा बायोएन्झाइम पडले तरी तेच होते. म्हणजे नवा 'नैसर्गिक' माल जुन्या ब्लीचच्या बादलीत पडण्याचा धोका बदलाच्या काळातच सर्वांत जास्त असतो. म्हणून आम्ल एका कपाटात, ब्लीच दुसऱ्या कपाटात, बादल्या वेगळ्या रंगांच्या. उरलेला साठा लेबलाप्रमाणे वापरून संपवा, नवी खरेदी थांबवा, आणि न वापरता येणारा माल विक्रेत्याला परत द्या. रिकाम्या पाण्याच्या बाटलीत कुठलेही क्लीनर भरून ठेवू नका, वनस्पतीजन्य असले तरी.