केनियाचा चहा ‘कच्चा माल’ नव्हे

“केनिया शेतमाल कच्चाच विकतो, तिथे कारखानदारी नाही आणि जी काही आहे ती परक्यांची,” हे विधान पूर्व आफ्रिकेचा विषय निघाला की हमखास पुढे केले जाते. त्यातला पहिला भाग तर ज्या पिकावर केनियाची ओळख उभी आहे, त्या चहालाच लागू पडत नाही.

चहाचा पाला तोडल्यावर काही तासांत कारखान्यात पोचला नाही तर वाया जातो, त्यामुळे तो कच्चा परदेशी पाठवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. न्येरी किंवा मुरांगाच्या डोंगरउतारावरील शेतकरी पाल्याची पाटी संकलन केंद्रावर आणतो. तिथे दोन पाने आणि एक कळी असा कोवळा खुडा पाहून जून पाला बाजूला काढतात आणि मग वजन होते. कोमेजवणे, सीटीसी यंत्रातून चिरडणे, आंबवणे, वाळवणे या सगळ्यांतून सुमारे साडेचार किलो पाल्याचा एक किलो चहा होतो आणि तो पोत्यांतून मोम्बासाच्या लिलावाला जातो. उरते ते मिश्रण, पुडीबंद करणे आणि नाममुद्रा. ते काम बहुतांशी पाकिस्तानसारख्या खरेदीदार देशांत होते. आक्षेप ‘कच्चा माल’ असा नसून ‘सुटा माल’ असा असता, तर मी तो विनातक्रार मान्य केला असता.

मालकीचे म्हणाल तर केरिचोतील मोठे मळे दीर्घकाळ ब्रिटिश कंपन्यांकडे होते आणि अलीकडे त्यांतील बरेचसे श्रीलंकेच्या ब्राउन्स समूहाकडे गेले, हे खरे आहे. परंतु देशातील निम्म्याहून अधिक चहा पाच लाखांहून जास्त छोट्या शेतकऱ्यांचा आहे. १९६४ साली त्यांच्यासाठी सरकारने स्थापन केलेली केटीडीए (केनिया टी डेव्हलपमेंट एजन्सी) ही संस्था २००० साली खाजगी झाली आणि तिच्या व्यवस्थापनाखालील कारखाना-कंपन्यांचे भागधारक हे शेतकरीच आहेत. त्यांना दरमहा किलोमागे ठरावीक रक्कम आणि वर्षाअखेरीस ‘बोनस’ मिळतो. आपल्याकडील ऊस उत्पादकाला पहिला हप्ता आणि अंतिम बिल यांची ही जोडी नव्याने समजावून सांगावी लागणार नाही. बोनसच्या आकड्यावरून आणि संचालकांच्या कारभारावरून होणारी भांडणेही त्याच्या ओळखीचीच. चहाबाहेर पाहायचे तर थिका येथील बिडको ही खाद्यतेल कंपनी भारतीय वंशाच्या कुटुंबाने केनियातच उभारली. अशा कुटुंबांना अजून ‘परके’ म्हणायचे असेल, तर तो हिशेब उद्योगाचा नसून वंशाचा आहे.

कारखानदारी दुबळी आहे, यात मात्र तथ्य आहे. २०१७ साली सरकारने तिचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा २०२२ पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. तो सात-आठ टक्क्यांच्या आसपासच राहिला. एके काळी देशातील सर्वांत मोठा असलेला मुमियास साखर कारखाना गैरकारभार, कर्जे, उसाची पळवापळवी आणि स्वस्त आयात साखर यांखाली दबून २०१९ साली धनकोंनी नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेला आणि ऊस घातलेल्यांची बिले थकली. कारखाना होता, तो चालवता आला नाही.

उलट, केनियातील खाद्यतेल उद्योगाला लागणारे पामतेल मुख्यतः मलेशिया-इंडोनेशियातून मोम्बासा बंदरात उतरते. कच्चा माल विकणारा देश या वर्णनात कच्चा माल विकत घेणारा हा उद्योग कुठे बसवायचा, ते विधान पुढे करणाऱ्यांनीच सांगावे.