एक तारा मिळाला, त्याचं उत्तर: किंगपिन, स्टिअरिंग बॉक्स आणि वरचा तो स्क्रू

नमस्कार दादा,

माझ्या गॅरेजला एक तारा देऊन तुमच्या मालाच्या गाडीच्या कामाबद्दल तुम्ही ऑनलाइन जे लिहिलंय, ते काल रात्री पोरानं वाचून दाखवलं. रागात दोन ओळी खरडण्यापेक्षा सकाळी तुमचं बिल आणि वही काढून बसलो. म्हणून उत्तराला एक दिवस उशीर.

तुमचं म्हणणं असं: साडेचार हजार सांगून 10,200 घेतले. गाडी तीन दिवस अडकवली. एवढं करून स्टिअरिंगमध्ये प्ले, म्हणजे चाकं न वळता स्टिअरिंग नुसतंच फिरतं तो ढिलेपणा, राहिलाच, जो दुसऱ्या गॅरेजवाल्यानं पन्नास रुपयांत स्क्रू आवळून काढला. आणि गाडी डावीकडं ओढायलीय.

पैशाचं आधी सांगतो, कारण तिथं मी चुकलोय. तुमचा पुतण्या गाडी घेऊन आला तेव्हा मी गाडी जमिनीवर उभी ठेवूनच बघितली. एकानं स्टिअरिंग डावीउजवीकडं हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. टाय रॉडचे (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांडीचे) दोन्ही एंड, म्हणजे टोकाचे सांधे, गेलेले आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडं येणारी दांडी) खटखट वाजत होती, हे हातालाच कळलं. त्यावर हिशोब सांगितला: एंड 1,500, ड्रॅग लिंक 1,700, मजुरी 1,300. झाले साडेचार. जॅक न लावता आकडा सांगायला नको होता. सतरा वर्षं हे काम करून ही घाई केली, त्याला दुसरा शब्द नाही.

जॅक लावल्यावर खरं दुखणं दिसलं. चाक वरून आणि खालून धरून हलवलं तर खटका. हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, बेरिंग ढिली असली तरी असाच खटका लागतो, म्हणून पोराला ब्रेक दाबून धरायला लावलं. ब्रेक दाबल्यावर खटका गेला तर बेरिंग, तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती. तुमच्या गाडीचा दोन्ही बाजूंना तसाच राहिला. पन्नासच्या पुढं चाक थरथरतं ही जी तुमची मूळ तक्रार होती, तिचं मूळ तिथं होतं. नुसते एंड बदलून दिले असते तर चार दिवसांनी तुम्ही परत आला असता, आणि तेव्हा एक तारासुद्धा जास्त झाला असता.

मग किंगपिनचा किट 2,600, लेथवर बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) रीमर करून, म्हणजे आतून मापात कापून, घेण्याचे 700, वाढीव मजुरी 1,900, ग्रीस-ऑईल-किरकोळ 500. हे साडेचारवर आणखी 5,700 झाले. मी पुतण्याला म्हणालो, "थोडं वाढंल, काकांना सांग." त्यानं सांगितलं की नाही मला माहीत नाही, पण बिचाऱ्या पोरावर ढकलण्यात अर्थ नाही. गाडी तुमची, पैसा तुमचा, फोन तुम्हाला करायला पाहिजे होता. रक्कम दुपटीच्या वर गेली तिला "थोडं" म्हणणं हेही माझंच.

तीन दिवसांचं. डाव्या बाजूची पिन निघेना. आत ग्रीसचा टिपूस नव्हता, नुसता गंज आणि काळ्या मातीचा वाळलेला लगदा. एक रात्र डिझेल सोडून ठेवलं, सकाळी गॅसनं तापवून घणानं काढली. दुसऱ्या दिवशी लेथवाल्याकडं दुपारपर्यंत लाईट नव्हती. बुश नवीन घातला की पिन त्यात हातानं, अगदी जराशी घट्ट सरकेल इतपतच रीमर करावा लागतो. ते काम कानशीनं घासून कुणी करत असेल तर करो, मी करत नाही. तिसरा दिवस मात्र माझ्या खात्यावर लिहा. मदतनीस आला नाही आणि एकट्याला ते उचलत नाही.

आता त्या स्क्रूबद्दल. सगळं उत्तर एका बाजूला ठेवा, पण एवढं नीट वाचा.

तुम्ही गाडी आणली तेव्हा स्टिअरिंगचा प्ले घड्याळाच्या भाषेत बारापासून दीडपर्यंत होता. म्हणजे 45 अंश. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 98 क्रमांकाचा नियम 30 अंशांपेक्षा जास्त प्ले चालवून घेत नाही. तोच नियम सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना सुटणार नाहीत अशा लॉक केलेल्या असाव्यात, असंही म्हणतो. तुमच्या जुन्या एंडच्या एका टोपीच्या चिंध्या झाल्या होत्या आणि नटात स्प्लिट पिनऐवजी बायंडिंग तार होती. कुणी घातली ते विचारत नाही. आठ वर्षांपुढच्या मालाच्या गाडीला दरवर्षी पासिंग (फिटनेस तपासणी) लागतं, तेव्हा हे तुम्हाला उपयोगी पडेल.

काम झाल्यावर प्ले बोटभर उरला. तो स्टिअरिंग बॉक्समधला, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडं पोचवणाऱ्या दात्यांच्या पेटीतला आहे आणि मी तो जाणूनबुजून सोडला. बॉक्सच्या डोक्यावरचा स्क्रू आवळला की आतला दातऱ्याचा शाफ्ट समोरच्या दात्यांवर दाबला जातो. पण गाडी आयुष्यभर बहुतेक सरळ चालते, त्यामुळं दाते मधल्या जागी झिजतात. वळणाच्या जागचे दाते जवळपास नव्यासारखेच राहतात. तुम्ही मधला प्ले शून्य होईस्तोवर स्क्रू आवळला, की वळणावर तेच दाते एकमेकांत करकचून बसतात. सरळ रस्त्यावर गाडी छान वाटते. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपसूक माघारी येत नाही, ड्रायव्हरला ओढून आणावं लागतं. मोसंबीचे क्रेट भरून पहाटे मोंढ्याच्या वाटेला लागलेला, झोप न झालेला माणूस आणि माघारी न येणारं स्टिअरिंग, पुढचं तुम्हीच बघा.

मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये पूर्ण वळण घ्या आणि स्टिअरिंगवरची पकड सैल करा. चाकं सरळ व्हायला लागली तर स्क्रू ठीक आहे, मी बोललेलं मागं घेतो. नवे बुश असल्यामुळं सुरुवातीचे काही दिवस जरा आळशीपणानं येईल, पण आलं पाहिजे. अडकून राहिलं तर गाडी चालवू नका. मी येऊन जागेवर स्क्रू सोडून देतो, त्याचे पैसे नाहीत. ज्यानं आवळला त्याच्याशी माझं भांडण नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहून "प्ले काढ" म्हणालं की हात तिकडं जातोच. माझ्या उमेदवारीच्या काळात मीसुद्धा आवळलाय.

डावीकडं ओढतं हे तुमचं खरं असणार. आपण डाव्या बाजूनं चालतो आणि आपले रस्ते मधून उंच, कडेला उतरते असतात, त्यामुळं थोडी गाडी डावीकडं झुकतेच. पण तुम्ही रोज तोच रस्ता चालवता, तुम्हाला फरक कळतो. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत वळवण्याचं माप, चुकलं तर टायर खातं, सहसा एका बाजूला ओढत नाही. ओढण्यामागं मला दोन गोष्टी दिसतात. एक, डाव्या बाजूचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बसलेत. हे मी बिलाच्या मागं पेन्सिलनं लिहिलं होतं, आता बघितलं तर मलाच वाचता येत नाही. दुसरी, डावा ब्रेक चिकटत असेल. किंगपिनसाठी तो आम्हीच खोलला आणि आम्हीच बसवला, म्हणजे तसं असेल तर चूक आमची. घरच्या घरी बघायचं तर दहा-बारा किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक फार न दाबता गाडी थांबवा आणि दोन्ही पुढच्या हबजवळ हात न्या. लगेच टेकवू नका, भाजेल. डावं जास्त तापलेलं असेल तर ब्रेकच.

टो-इन मी दोरी आणि टेपनं लावलं. एवढ्या जुन्या, पुढं पाटे असलेल्या गाडीला ते चालतं असं मी मानत आलो. तरी एंड बदलल्यावर मशीनवर दाखवून घ्या, हे सांगायचं राहिलं. ते आता माझ्या खर्चानं करू.

पैसे परत मागितलेत त्यावर: सामानाचे देणार नाही. सामान लागणारच होतं आणि ते तुमच्या गाडीत आहे. वाढीव मजुरीचे 1,900 तुम्हाला न विचारता केलेल्या कामाचे आहेत, ते घेऊन जा. "नको असलेले पार्ट बदलले" असं लिहिलंय म्हणून सांगतो, जुन्या पिना, बुश आणि एंड तुमच्या गाडीचा नंबर लिहून पोत्यात बांधून ठेवलेत. पिनेवर नख फिरवा, झिजेची पायरी लागेल. वाटल्यास दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा, त्याच स्क्रूवाल्याला दाखवलं तरी चालेल.

आणि ग्रीस. हे वाईट वाटलं तरी लिहितो. तुमच्या गाडीचे चारही निप्पल (ग्रीस भरायची तोंडं) मातीनं बुजलेले होते, त्यातला एक तर रंगाखाली गेला होता. पावसाळ्यात बागेच्या चिखलातून जाणाऱ्या गाडीला आठवड्याला ग्रीस मारा, आणि मारताना पुढचं चाक जॅकवर उचला. वजन खाली असलं की ग्रीस सगळीकडं शिरत नाही. ग्रीस गन नसेल तर इथं आणा, पाच मिनिटांचं काम आहे.

या आठवड्यात बुधवार सोडून कधीही या, बुधवारी बाजारामुळं रस्त्यावर गाडी लावायला जागा नसते. या वेळी जॅक लावल्यावर जे दिसेल ते आधी तुम्हाला फोनवर सांगेन, मग पाना उचलेन. येताना क्रेट उतरवून रिकामी गाडी आणा आणि दोन्ही पुढच्या टायरात सारखी हवा भरून आणा, नाहीतर ओढायचं कारण शोधताना आपण दोघंही चकू.