अडीच टक्केवाला स्वस्त कसा काय?

शहराला नवी इमारत बांधायची असते. वाचनालय असेल, अग्निशमन केंद्र असेल किंवा मुख्य कार्यालय. कन्स्ट्रक्शन मॅनेजर निवडायची फाइल सभेपुढे येते आणि चर्चा थेट फीवर घसरते. एकाची फी अडीच टक्के, दुसऱ्याची साडेतीन. कुणीतरी उठून विचारतं, एक टक्का जास्त कशापायी? बाके वाजतात, विषय मंजूर. एवढा खल ज्या आकड्यावर होतो, तो त्या फाइलीतला सगळ्यात छोटा आकडा असतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. (सीएम म्हटलं की भलताच माणूस डोळ्यासमोर येतो, म्हणून इथे नुसतं 'मॅनेजर'.) हा मॅनेजर दोन जातींचा असतो. पहिला निव्वळ सल्लागार. तो फी घेऊन शहराच्या वतीने वेळापत्रक, निविदा, बिलं सांभाळतो, पण ठेकेदारांशी करार शहराचेच असतात. खर्च वाढला तर पैसे शहराच्या तिजोरीतून जातात. दुसरा जोखीम अंगावर घेणारा. डिझाइन चालू असतानाच तो येतो, टप्प्याटप्प्याने अंदाजपत्रक करून देतो आणि ड्रॉइंग पुरेशी झाली की 'याच्या वर जाणार नाही' अशी कमाल हमी किंमत लिहून देतो. तिथून पुढे उपठेकेदारांचे करार त्याच्या नावावर होतात आणि त्या किमतीच्या वरचा खर्च त्याचा. अर्थात शहराने मधेच मजला वाढवला तर किंमतही वाढणार, तिथे हमी चालत नाही.

कोणती जात घ्यायची हे ठरवायच्या आधीच जाहिरात निघते, तिथे पहिली ठेच लागते. स्कॉटलंडच्या संसद भवनाचं उदाहरण जगभर दिलं जातं ते यासाठीच. तिथे पहिला मार्ग घेतला. करार थेट सरकारशी, आणि डिझाइन अर्धवट असतानाच एकेक काम वाटत गेले. १९९७ मध्ये सांगितलेला आकडा १ ते ४ कोटी पौंडांचा होता, शेवटी तो ४१ कोटींच्या वर गेला आणि इमारत तीन वर्षं उशिरा, २००४ मध्ये उघडली. लॉर्ड फ्रेझर यांच्या चौकशीत जी गोष्ट ठळकपणे पुढे आली ती अशी, की जोखीम सगळी सरकारवर टाकणारा हा मार्ग अधिकाऱ्यांनी मंत्र्यांना न विचारताच पत्करला होता. पहिला मार्ग मुळातच वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ज्या शहराकडे स्वतःचे तगडे इंजिनिअर आहेत आणि डिझाइन पक्कं आहे, त्याला तो स्वस्तही पडतो. पण आपण काय विकत घेतोय हे सभेला कळलं पाहिजे.

खालचं सगळं दुसऱ्या जातीबद्दल आहे, कारण खरी गंमत तिथे आहे.

समजा काम १०० कोटींचं आहे. 'अ'ने फी मागितली अडीच कोटी, 'ब'ने साडेतीन. पण फी म्हणजे नफा आणि मुख्य कार्यालयाचा खर्च, एवढंच. जागेवरचा खर्च वेगळा लागतो. साइट इंजिनिअर, सुपरवायझर, सेफ्टीवाल्याचे पगार, साइट ऑफिस, तात्पुरती वीज आणि पाणी, पत्र्याचं कुंपण, पहारा, रोजची सफाई. त्याला साइट खर्च म्हणू. तो 'अ'ने दाखवला ११ कोटी, 'ब'ने साडेआठ. आता बेरीज करा. 'अ' साडेतेरा कोटींना पडतो, 'ब' बाराला.

आता निवड समितीचे गुण बघू. तांत्रिक गुण ७० पैकी, किमतीचे ३० पैकी. तांत्रिकमध्ये 'अ'ला ५५, 'ब'ला ६१. किमतीचं नेहमीचं सूत्र असं, की सर्वांत कमी रकमेला पूर्ण ३० आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. नुसत्या फीवर गुण दिले तर 'अ'ला ३० आणि 'ब'ला २१.४३. एकूण 'अ' ८५, 'ब' ८२.४३. 'अ' निवडला गेला. तेच गुण फी अधिक साइट खर्च यांवर द्या. 'ब'ला ३०, 'अ'ला २६.६७. एकूण 'ब' ९१, 'अ' ८१.६७. कागद तेच, माणसं तीच, फक्त सूत्रातला एक शब्द बदलला आणि निकाल उलटा लागला. पहिल्या पद्धतीत शहराने दीड कोटी जास्त मोजून कमी गुणांचा माणूस घेतला, आणि वर पैसे वाचवल्याचं समाधान मानलं.

'अ' काही चोर नाही. जाहिरातीत फी म्हणजे काय हे लिहिलंच नव्हतं, म्हणून त्याने प्रोजेक्ट मॅनेजरचा पगार, मुख्य कार्यालयातला अकाउंटंट, कॉम्प्युटर, विम्याचा हप्ता सगळं साइट खर्चात ढकललं. यावर उपाय एका पानाचा आहे. निविदेसोबत तक्ता द्यायचा, डावीकडे साठ-सत्तर बाबी आणि उजवीकडे चार रकाने: फीमध्ये, साइट खर्चात, प्रत्यक्ष कामाच्या किमतीत, शहर स्वतः देणार. प्रत्येक बाबीसमोर शहरानेच एक खूण करून ठेवायची. क्रेन कुठे, हॉइस्ट (माल वर चढवायची लिफ्ट) कुठे, डेब्री म्हणजे राडारोडा उचलणं कुठे, शेवटची झाडलोट कुठे. काँक्रीटच्या क्यूब टेस्ट (ठोकळे दाबून मजबुती तपासणं) मात्र चौथ्या रकान्यातच हव्यात. ज्याचं काम तपासायचं त्यानेच लॅब नेमायची, हे म्हणजे परीक्षार्थीनेच पेपर तपासण्यासारखं आहे.

साइट खर्चाचा आकडा एकरकमी घेऊ नका, महिन्यांत फोडून मागा. सुपरवायझर १७ महिने, एमईपी समन्वयक (वीज, पाणी, एसी यांच्या कामांचा मेळ घालणारा) ८ महिने, असं. 'ब'चे साडेआठ कोटी १७ महिन्यांचे असतील तर महिन्याला ५० लाख झाले. काम दोन महिने लांबलं की एक कोटी गेले, म्हणजे ज्या एक टक्क्यावरून सभा गाजली तो दोन महिन्यांत संपला. आणि तो समन्वयक ८ ऐवजी ३ महिनेच दाखवला असेल, तर समजा की छतातले डक्ट आणि स्प्रिंक्लरचे पाइप एकमेकांना कुठे आडवे येतात हे कागदावर कुणी बघणार नाही. ते शिडीवर चढलेल्या फिटरला कळेल.

फी बघूच नये असंही एक मत आहे. अमेरिकेत १९७२ च्या ब्रूक्स कायद्याने केंद्र सरकारच्या कामांना आर्किटेक्ट आणि इंजिनिअर तसेच निवडले जातात. आधी पात्रतेवर क्रम लावायचा, मग पहिल्याशी वाटाघाट. ती फिसकटली तर लेखी संपवायची आणि दुसऱ्याकडे जायचं. डिझाइनच्या बाबतीत हे पटतं. मॅनेजरच्या बाबतीत मला किमतीला २० ते ३० गुण ठेवणं योग्य वाटतं, कारण त्याच्या किमतीचा मोठा भाग माणसं आणि महिने आहेत, तो तुलना करण्याजोगा आहे. फक्त सगळी रक्कम तोला, तुकडा नको.

गुणांच्या बेरजेत आणखी एक खड्डा आहे. पाच जणांची समिती. चौघांनी 'ब'ला प्रत्येकी ३ गुण जास्त दिले, पाचव्याने 'अ'ला १५ जास्त. बेरजेत 'अ' तीन गुणांनी पुढे. चार विरुद्ध एक असूनही एकटा जिंकला, कारण त्याने पट्टी पूर्ण ताणली आणि बाकीच्यांनी सज्जनपणे ८० ते ८५ मध्येच गुण वाटले. म्हणून प्रत्येकाच्या गुणांवरून क्रमांक काढायचे आणि क्रमांकांची बेरीज करायची. निदान १० गुणांहून मोठा फरक असेल तिथे कारण लेखी घ्यायचं. आर्किटेक्ट समितीत बसावा, प्रश्नही विचारावेत, पण गुण देऊ नयेत. उद्या हाच मॅनेजर त्याच्या ड्रॉइंगमधल्या चुका दाखवणार आहे. गप्प बसणारा मॅनेजर आर्किटेक्टला आवडला तर नवल नाही.

जाहिरातीची मुदत हा छोटा मुद्दा वाटतो. चार आठवडे द्या, पहिल्या दहा दिवसांत निविदापूर्व बैठक आणि जागेची पाहणी, प्रश्नांची उत्तरं सगळ्यांना एकदमच. दोन आठवड्यांची जाहिरात म्हणजे ज्याला आधीच माहीत होतं त्याला आवतण. 'गेल्या पाच वर्षांत अशाच तीन इमारती' ही अटही तशीच. वाचनालय आणि कार्यालय यांत बांधकाम म्हणून फार फरक नसतो. फरक पडतो तो तळघर किती खोल, शेजारची इमारत किती जवळ, आणि काम चालू असताना जुन्या भागात लोकांची ये-जा आहे का, यांनी. अनुभव मागायचा तर त्याचा मागा.

तीन-चार जणांना मुलाखतीला बोलवा. इथे संचालक येतो, छान बोलतो, आणि नंतर थेट उद्घाटनाची फीत कापायला दिसतो. नियम करा: प्रोजेक्ट मॅनेजर, साइट सुपरवायझर आणि एस्टिमेटर (अंदाजपत्रक करणारा), हे तिघेच बोलतील. सादरीकरण १५ मिनिटं, प्रश्न ३०. तासभर आधी त्यांच्या हातात जागेचा नकाशा ठेवा आणि सुपरवायझरला एकच विचारा: पहिल्या ९० दिवसांत इथे काय काय होईल? कच्चा माणूस बार चार्ट सांगतो. पक्का माणूस नकाशावर बोट ठेवतो. ट्रान्झिट मिक्सर या फाटकातून वळणार नाही, तेव्हा मागचं फाटक लागेल. ही मलवाहिनी पायाच्या आत येते, ती आधी हलवा. खणलेली माती इथे रचली तर सळ्या कुठे उतरवणार? आणि सुपरवायझर बोलत असताना प्रोजेक्ट मॅनेजर त्याला मधेच तोडतो की ऐकतो, तेही बघून ठेवा. पुढचे १७ महिने तेच चालणार आहे.

संदर्भ तपासताना शिफारसपत्रांवर जाऊ नका, फोन करा. हमी किंमत ड्रॉइंग किती टक्के झाल्यावर दिली आणि शेवटी किती झाली? सुपरवायझर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तोच होता का? हमी किमतीतून उरलेले पैसे शहराला परत आले का? दोन उपठेकेदारांनाही विचारा, बिल किती दिवसांत निघतं. जो बिलं अडवतो त्याला पुढच्या वेळी चढा दर मिळतो आणि तो दर शेवटी शहराच्या माथी बसतो. मुलाखतीतली माणसं करारात नावानिशी लिहा. शहराच्या लेखी संमतीशिवाय बदल नाही, केला तर पैसे कापणार.

निवड कधी करायची? संकल्पना ड्रॉइंग चालू असताना, फार तर ड्रॉइंग ३० टक्के होईपर्यंत. त्यानंतर तळघर नको असं कुणी सुचवलं तरी उपयोग नसतो, तळघराची ड्रॉइंग तयार झालेली असतात. आणि हमी किंमत ६० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान. आधी घेतली तर किंमत एक पान आणि गृहीतकं बारा पानं अशी येते, ती बारा पानं म्हणजे पुढच्या वाढीव बिलांची यादी. दरम्यान प्रत्येक टप्प्याला आर्किटेक्टकडचा अंदाज आणि मॅनेजरचा अंदाज शेजारी ठेवून ताळा घ्यायचा. गंमत अशी असते की काँक्रीट दोघांचंही ४,००० घनमीटर जुळतं, पण एकाने सळई घनमीटरला ११० किलो धरलेली असते आणि दुसऱ्याने १४०. फरक १२० टन. तो मीटिंगच्या टेबलावर सापडला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एक फोन करावा लागतो, बस्स. निविदा उघडल्यावर सापडला तर मजल्याला कात्री लागते.

मॅनेजरची स्वतःची काँक्रीट टोळी असेल तर त्यालाही बाकीच्यांसारखा बंद लिफाफा टाकायला लावा, आणि लिफाफे शहराने उघडायचे. नाहीतर कुंपणानेच शेत खायचं. त्याच्या स्वतःच्या यंत्रांचं भाडं नव्या यंत्राच्या किमतीच्या ७५-८० टक्क्यांवर थांबेल असं लिहा, कारण भाड्याभाड्यात शहर त्याला नवा हॉइस्ट घेऊन देतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आकस्मिक निधीचं तर नावच दिशाभूल करणारं आहे. हमी किमतीत मॅनेजरच्या हातात समजा ३ टक्के असतात, म्हणजे ३ कोटी. दोन उपठेकेदारांच्या कामांच्या मधे काही सुटलं, तर त्यातून. दाराचं विजेवर चालणारं कुलूप सुतारकामात, त्याची वायर इलेक्ट्रिकमध्ये, पण दोन्ही जोडणं कुणाच्याच करारात नाही, हे नेहमीचं. स्वतःचं खराब काम तोडून पुन्हा करायला मात्र त्यातला एक पैसा नाही. दर महिन्याला हिशेब, आणि ठरावीक रकमेच्या वरचा खर्च शहराच्या सहीने. उरलेल्या रकमेत मॅनेजरला वाटा द्यावा का, यावर मतं आहेत. मी विरोधात आहे. वाटा मिळणार म्हटल्यावर हमी किंमत आधीच फुगते, आणि मग बचत झाली म्हणून फोटो काढले जातात.

हमी किमतीवर एकमत झालंच नाही तर? तेव्हा बाहेर पडायचं दार पहिल्याच करारात हवं: बांधकामापूर्वीच्या सेवेचे पैसे देऊन हिशेब संपला, शहर खुली निविदा काढायला मोकळं. आणि तोवर केलेली अंदाजपत्रकं, मोजमापं, वेळापत्रक शहराच्या मालकीचे, मूळ फाइलींसकट. पीडीएफ घेऊन बसलात तर ४,००० घनमीटर कुठून आले हे पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.