तांब्याच्या भट्टीतलंच अगरचं तेल अस्सल? खुलासा

अगर म्हणजे ऊद; त्याच्या झाडाचं लाकूड महिनाभर पाण्यात मुरवून तांब्याच्या भट्टीत काढलेलं तेलच अस्सल, स्टीलमधलं भेसळीचं, असा संदेश फिरतोय. तो चुकीचा आहे. जखम किंवा बुरशीच्या संसर्गानंतर झाड लाकडात जी राळ साठवतं, तिच्यातून हे तेल येतं. राळच नसेल तर भट्टी कुठलीही असो, हाती फारसं काही लागत नाही. भिजवल्याने लाकूड मऊ पडतं आणि आंबल्यामुळे तेलाला गोठ्यासारखा उग्र दर्प येतो. काहींना नेमका तोच हवा असतो. पण ही आवड झाली, शुद्धतेचा पुरावा नव्हे. तांबं गंधकयुक्त दुर्गंधी थोडी कमी करतं, एवढं खरं. भेसळ तर ऊर्ध्वपातनानंतरही, म्हणजे भट्टीत तेल काढून झाल्यावरही, करता येते, तांब्याच्या भट्टीतल्या तेलातसुद्धा.