बेअरिंगचा आकडा म्हणजे हमी नव्हे

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या मेंटेनन्सवाल्यांमध्ये एक मराठी संदेश फिरतोय. कॅटलॉगात बेअरिंगचं (यंत्राचा फिरता दांडा तोलणाऱ्या भागाचं) आयुष्य २०,००० तास दिलं असेल तर तेवढे तास बिनघोर चालवा, तास भरले की सरसकट बदला, ब्रेकडाउन होणारच नाही, असं त्यात म्हटलंय. बडोद्यातली अनुभवी माणसंही तो पुढे पाठवताहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी ‘बिनघोर’. कॅटलॉगातला आकडा बहुधा एल-टेन आयुष्य असतो. एकाच जातीची, सारख्या भाराखाली फिरणारी बेअरिंगं घेतली, तर तेवढ्या तासांत त्यांतली १० टक्के निकामी होतील, एवढाच त्याचा अर्थ. एका लाइनवर अशी दहा असतील तर दहाच्या दहा टिकण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे जेमतेम ३५ टक्के. उरलेल्या ६५ टक्क्यांत एखादं तरी आधीच जाणार, आणि लाइन थांबवायला एकच पुरतं.

‘तास भरले की बदला’ हे त्याहून घातक. वालोदी वायबुल या स्वीडिश अभियंत्याचं १९५१ च्या निबंधामुळे सर्वदूर गेलेलं वितरण, म्हणजे किती वयात किती वस्तू निकामी होतात हे मांडणारं गणिती सूत्र, इथे कामाला येतं. त्यातला बीटा हा आकडा वयाबरोबर धोका कसा बदलतो ते सांगतो. तो १ पेक्षा जास्त असेल तर झीज होते आहे, वयाबरोबर धोका वाढतो. तेव्हा वेळेआधी बदलण्यात अर्थ आहे, तोही अचानक बंद पडण्याचा खर्च ठरवून बदलण्यापेक्षा जास्त असेल तरच. बीटा १ असेल तर नवं आणि जुनं सारखंच, बदलून काही मिळत नाही. १ पेक्षा कमी असेल तर धोका सुरुवातीलाच जास्त, म्हणजे चांगलं चाललेलं काढून आपण तो पुन्हा ओढवून घेतो. हातोड्याने ठोकून बसवलेलं बेअरिंग, चुकलेलं अलाइनमेंट, ठासून भरलेलं ग्रीस: नव्या बेअरिंगचे बळी इथेच जातात. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांच्या १९७८ च्या देखभालीवरच्या अहवालात विमानांच्या घटकांपैकी फक्त ११ टक्क्यांत वयाबरोबर धोका वाढताना दिसला. पंप म्हणजे विमान नव्हे, हे मान्य. पण ‘सरसकट’ म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या यंत्राचा बीटा काढावा.

‘ब्रेकडाउन होणारच नाही’ याला वेगळं उत्तर नको. वरच्या हिशेबात ते आलंच. व्हायब्रेशन आणि तापमान नियमित मोजलं तर निदान इशारा तरी मिळतो.

‘सरासरी काढा की झालं’ असंही त्या संदेशात शेवटी लिहिलंय. बिघडलेल्या बेअरिंगांच्याच तासांची सरासरी काढली तर आयुष्य खऱ्यापेक्षा कमी दिसतं. जे अजून फिरतंय किंवा धडधाकट असताना काढलं, त्याचे तासही ‘इथवर टिकलं’ म्हणून हिशेबात धरायलाच हवेत. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुरात बुडालेल्या मोटरी झिजेच्या आकड्यांत मिसळू नका. त्या पाण्याने गेल्या, वयाने नाही. लॉगबुकात तासांशेजारी कारणाचा रकाना नसेल तर हा फरक कधीच कळणार नाही.