यातून शिकायला काय मिळतं?

पुस्तक प्रदर्शनात बालविभागापाशी जरा रेंगाळलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. पोराने हौसेने उचललेलं पुस्तक आई किंवा बाबा उलटंपालटं करून बघतात आणि विक्रेत्याला विचारतात, ‘यातून शिकायला काय मिळेल हो?’ माझं तर स्पष्ट मत आहे, या एका प्रश्नाने मराठीत मुलांच्या गोष्टींचंही वाटोळं केलं आणि विज्ञानाच्या पुस्तकांचंही.

मी अभ्यासक वगैरे नाही, हाताला लागेल ते वाचणारा माणूस. पण चाळिशी उलटल्यापासून हे दोनच प्रकार मनापासून वाचतोय.

फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा, बन्या, सायकलवर टांग मारतो आणि बघता बघता कुठल्यातरी भानगडीत सापडतो. ‘तर मुलांनो, धाडसी असावं’ असं सांगायला भा. रा. भागवतांना सवडच नसते, कारण बन्या तोवर ‘ट्टॉक’ करून पुढे सटकलेला असतो. याच भागवतांनी विज्ञानकथा लिहिणारा ज्यूल व्हर्न मराठीत आणला. गोष्टी एका कपाटात आणि विज्ञान दुसऱ्यात, ही वाटणी त्यांना तरी मंजूर नसावी. माधुरी पुरंदरेंचं ‘राधाचं घर’ तर मी मुलांपेक्षा जास्त वेळा चाळलंय. बोध शोधूनही सापडत नाही, आणि चित्रांतली माणसं आपल्याच घरातली वाटतात.

विज्ञानाच्या पुस्तकांत मात्र बऱ्याचदा निराशा पदरी पडते. पहिलं प्रकरण शास्त्रज्ञाच्या गरिबीवर, दुसरं चिकाटीवर, आणि गड्याने शोध नेमका काय लावला ते शेवटच्या दीड पानात उरकलेलं. नाहीतर आकड्यांचा भडिमार. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. पाठ करा, स्कॉलरशिपला येतं. अहो, त्यापेक्षा गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांवरचं ऊन सूर्यावरून निघून आठ मिनिटं उलटलीत, असं सांगा ना! आत्ता सूर्य विझला तरी कुरडयांना आठ मिनिटं पत्ता लागणार नाही.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांना हे बरोबर जमतं. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे, एवढाच खर्च. चार काड्यांचा चौकोन जोडा आणि कोपऱ्यावर दाबा, लगेच कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, आकार बदलत नाही. विजेच्या मनोऱ्यांत आणि लोखंडी पुलांत इतके त्रिकोण का असतात, हे मला इतक्या उशिरा, माझ्याच डायनिंग टेबलावर कळलं. शाळेत भूमितीत मार्क बरे होते, बरं का.

आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. मला त्यांची ‘धूमकेतू’ जास्त आवडते. पृथ्वीच्या वाटेवर आलेला धूमकेतू शास्त्रज्ञ अण्वस्त्राच्या स्फोटाने बाजूला सारतात; इकडे तो धूमकेतू शोधणाऱ्या दत्तांची बायको मात्र आपल्या शांतियज्ञानेच संकट टळलं म्हणून निश्चिंत! नारळीकरांमधला मास्तर अधूनमधून डोकं वर काढतो, नाही असं नाही. पण अवकाशातलं संकट आणि स्वयंपाकघरातली श्रद्धा एकाच गोष्टीत बसवणं सोपं नव्हे. दहा ‘विज्ञान आणि अंधश्रद्धा’ छाप निबंधांवर ही एक कथा भारी आहे.

प्रकाशकांकडे एकच मागणं आहे. विज्ञानाच्या पुस्तकांत चित्रं नीट छापा हो. फोटोकॉपीची फोटोकॉपी काढल्यासारख्या त्या काळपट आकृत्यांत हृदय कुठलं आणि फुप्फुस कुठलं, कळत नाही. मुलांच्या पुस्तकांना चित्रकार मिळतात, मग इथेच हात आखडता का?

किड्यामुंग्यांवर किंवा झाडांवर मराठीत असं एखादं मजेदार पुस्तक ठाऊक असेल तर नाव सांगा. ‘संस्कारक्षम’ असं मलपृष्ठावर लिहिलेलं नको.