मार खाणाऱ्याचंही गणित असतं

पोकेमॉनच्या लढतीआधी दोन्ही टीम दाखवल्या जातात, त्या टीम प्रिव्ह्यूमध्ये अमूंगस हा मशरूमसारखा पोकेमॉन दिसला की समोरच्या खेळाडूच्या कपाळावर आठी पडते. ती मला दिसत नाही, पण त्याच्या पहिल्याच टर्नवरून कळते. लढत सुरूही झालेली नसते आणि आमच्या या गुबगुबीत मशरूमने अर्धं काम उरकलेलं असतं.

पोकेमॉनच्या स्पर्धात्मक लढतींबद्दल जे काही बोललं जातं, त्यातलं बहुतेक स्वीपरबद्दल, म्हणजे धडाधड पाडत सुटणाऱ्यांबद्दल असतं. कोणी एका टर्नमध्ये दोघांना आडवं केलं, कोणी एकट्याने अख्खी टीम धुतली. क्लिप त्याचीच निघणार, ते ठीकच आहे. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. टीम बांधताना लोक पाच मारणारे घेतात आणि उरलेल्या जागेत 'मार खायला कोणीतरी' म्हणून एखादा जाडजूड प्राणी कोंबतात. मग तो तिसऱ्या टर्नला मेला की म्हणतात, डिफेन्सिव्ह खेळण्यात दम नाही. मी तर म्हणेन, आधी सपोर्ट, म्हणजे जोडीदारांना सांभाळणारा प्राणी ठरवा आणि त्याच्या आडून मारणार कोण हे नंतर बघा.

अमूंगसचंच घ्या. त्याचे आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत. बेस एचपी (मूळचा जीव) 114, डिफेन्स 70, स्पेशल डिफेन्स 80, आणि स्पीड फक्त 30. कागदावर हा सरासरी जाड आणि भयंकर मंद प्राणी. पण डबल्समध्ये, म्हणजे दोनविरुद्ध दोनच्या अधिकृत फॉरमॅटमध्ये, त्याच्याकडे तीन गोष्टी आहेत. रेज पावडर वापरली की समोरच्यांचे एकालाच लागणारे हल्ले सगळे त्याच्या अंगावर येतात आणि शेजारचा जोडीदार मोकळा राहतो. स्पोअर शंभर टक्के अचूकतेने झोपवते. आणि रिजनरेटर ही अ‍ॅबिलिटी असली की मैदानातून बाहेर जाताना एक तृतीयांश एचपी आपोआप भरून येतो.

आता यात गंमत कुठे आहे बघा. समजा माझा जोडीदार या टर्नला ट्रिक रूम, म्हणजे वेगाचा क्रम उलटा करणारी मूव्ह लावणार आहे. समोरच्याला ते दिसतंय. त्याला जोडीदाराला पाडायचंय, पण मी रेज पावडर दाबली तर त्याचे दोन्ही वार मशरूमवर फुकट जाणार. बरं, रेज पावडर गृहीत धरून तो स्वतःची तयारी करत बसला आणि मी स्पोअर दाबली, तर त्याचा मुख्य हल्लेखोर झोपला. झोप एक ते तीन टर्न टिकते, आणि डबल्समध्ये तीन टर्न म्हणजे कधीकधी अर्धी लढत. वर ट्रिक रूम लागली की 30 चा स्पीड हे वरदान ठरतं, सगळ्यात मंद असलेला सगळ्यात आधी हलतो आणि स्पोअर आता सगळ्यांच्या आधी पडते. मी नेमकं काय दाबलं हे जवळजवळ गौण आहे. त्याला दोन्ही शक्यता धरून खेळावं लागलं, इथेच माझी वसुली झाली.

यावर उतारे आहेत, भरपूर आहेत. 2013 मधल्या खेळाच्या सहाव्या पिढीपासून ग्रास टाइपवर पावडरच्या मूव्ह चालत नाहीत, आणि त्याच पिढीत सेफ्टी गॉगल्स हा आयटमही आला. गॉगल्स घातलेला हल्लेखोर रेज पावडरला भीक घालत नाही, सरळ हव्या त्यालाच मारतो. रॉक स्लाइड, हीट वेव्ह यांसारख्या दोघांनाही लागणाऱ्या मूव्ह वळवता येत नाहीत; त्यांचा जोर मात्र दोन लक्ष्यं असली की 75 टक्क्यांवर येतो. फेक आउटची प्रायॉरिटी रेज पावडरच्या वर आहे, त्यामुळे पहिल्या टर्नला मशरूम दचकून गप्प बसू शकतो. थेट इजा न करणाऱ्या मूव्ह रोखणारा टॉन्ट लागला की स्पोअर आणि रेज पावडर दोन्ही बंद. लोक ही यादी वाचून म्हणतात, इतके उतारे असताना घ्यायचाच कशाला? अहो, ते उतारे आणण्यासाठी समोरच्याला आपल्या टीममध्ये जागा मोडावी लागते ना! चांगला आयटम सोडून गॉगल्स घालावे लागतात. हाही सपोर्टचाच पराक्रम, फक्त तो लढतीच्या आधी टीम बांधताना होऊन गेलेला असतो.

सपोर्टचं मोजमाप करताना त्याने किती मार खाल्ला हे पाहण्यात फारसा अर्थ नाही. समोरच्याला कोणती मूव्ह दाबायची होती आणि तो कोणती दाबू शकला नाही, हिशेब तिथे करावा.

याचं आजवरचं सर्वात सुंदर उदाहरण माझ्या मते 2014 च्या वॉशिंग्टनमधल्या जागतिक स्पर्धेतलं आहे. दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क ती स्पर्धा जिंकला आणि त्याच्या टीममध्ये होता पाचिरिसू. पांढरी-निळी इलेक्ट्रिक खार. सगळे बेस स्टॅट मिळून 405, हल्ल्याचे दोन्ही आकडे 45. तोपर्यंत त्याला कोणी गंभीरपणे घेतलेलं नव्हतं. पण पार्कचा मेगा होऊ शकणारा ग्याराडोस शेजारी उभा होता. पाणी आणि फ्लाइंग अशा टाइपमुळे ग्याराडोसला इलेक्ट्रिक हल्ला चौपट लागतो. पाचिरिसू फॉलो मी दाबून तो हल्ला स्वतःवर ओढतो आणि व्होल्ट अब्सॉर्ब या अ‍ॅबिलिटीमुळे इजा होण्याऐवजी उलट त्याचा एचपीच वाढतो. म्हणजे ग्याराडोसवरचा सगळ्यात सरळ उपाय समोरच्याने वापरला, तर तो खारीला खाऊ घालतोय. उरलेल्या मूव्ह पाहा: नझल, जी लागली की हमखास पॅरलाइज करते, सुपर फँग, जी समोरच्याचा असलेला एचपी निम्मा करते, आणि प्रोटेक्ट. 45 चा अटॅक आहे ना, मग ज्यांचं मुख्य काम अटॅकवर अवलंबूनच नाही अशा मूव्ह द्या. नंतर कित्येकांनी आपापल्या टीममध्ये पाचिरिसू घातला आणि तोंडावर आपटले, कारण त्यांनी खार उचलली आणि ग्याराडोस तिथेच सोडला.

सिंगल्समध्ये मामला निराळा. तिथे शेजारी कोणी नसतं, त्यामुळे जोडीदाराला वाचवायचं ते काळाच्या अंतराने. माझ्या लेखी यातली सर्वात देखणी यंत्रणा म्हणजे अलोमोमोला. बेस एचपी 165. लेव्हल 100 ला एचपीत पूर्ण ईव्ही (आकडे वाढवायला मिळणारे मर्यादित गुण) घातले की 534 एचपी होतो. विश ही मूव्ह पुढच्या टर्नच्या शेवटी, मैदानात जो असेल त्याला, विश मागणाऱ्याच्या निम्म्या एचपीइतकं भरून देते. म्हणजे 267. आता ड्रॅगापल्टसारख्या हल्लेखोराचा एचपी ईव्ही न घालता 317 असतो, त्याच्यासाठी ही जवळजवळ नवी जिंदगी. पण मेलेला-अर्धमेला ड्रॅगापल्ट आत आणायचा कसा? आत येताना मार बसला तर विश मिळायच्या आधीच खलास. इथे अलोमोमोलाचं मंद असणं कामी येतं. पहिल्या टर्नला विश. दुसऱ्या टर्नला फ्लिप टर्न, जी हलका फटका मारून स्वतः बाहेर जाते. समोरचा वेगवान असल्याने त्याने आपला वार आधीच अलोमोमोलावर करून टाकलेला असतो. मग ड्रॅगापल्ट सुखरूप आत येतो, टर्न संपतो, 267 एचपी त्याच्या पदरात. आणि जाता जाता रिजनरेटरने अलोमोमोलाचेही 178 भरले. एका प्राण्याने दोघांची मलमपट्टी केली आणि समोरच्याच्या हाती दोन टर्नमध्ये काही लागलं नाही. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी बराच वेळ नुसता ते आकडे बघत बसलो होतो.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर चॅन्सी. तिचा बेस एचपी 250, डिफेन्स 5. पाच! नवखा खेळाडू म्हणतो, एचपी हीच हिची ताकद, तेव्हा ईव्ही एचपीत घालू. हिशेब करून बघा. लेव्हल 100 ला काहीही न घालता तिचा एचपी 641 असतो, 252 ईव्ही घातले की 704. दहा टक्केही वाढ नाही. तेच 252 डिफेन्समध्ये घातले आणि नेचर (स्वभाव) डिफेन्स वाढवणारं बोल्ड ठेवलं, तर 46 चा डिफेन्स 119 होतो. अडीच पटीहून जास्त. त्यावर पाचव्या पिढीपासून मिळणारा इव्हिओलाइट हा आयटम दोन्ही डिफेन्स दीडपट करतो. टिकाव हा एचपी आणि डिफेन्सच्या गुणाकाराने ठरतो, त्यामुळे जिथे आकडा लहान आहे तिथे भर घातली की गुणाकार झपाट्याने फुगतो. याच कारणासाठी आयटम पाडणारी नॉक ऑफ ही मूव्ह चॅन्सीची वैरीण आहे: इव्हिओलाइट गेला की हातात उरते ती दीडपट कमी टिकणारी एक अंडेवाली, आणि तो आयटम परत मिळत नाही.

सर्रास 252 एचपी, 252 डिफेन्स भरून मोकळं होणाऱ्यांना मात्र माझा विरोध आहे. चॅन्सीसारखं टोकाचं उदाहरण सोडलं तर तो आळस आहे. नुकसानाचा आकडा दर वेळी 85 ते 100 टक्क्यांच्या दरम्यान पडतो, एकूण 16 शक्यता. तुमच्या सपोर्टला नेमका कोणाचा कोणता वार झेलून उभं राहायचंय ते ठरवा, कॅल्क्युलेटरमध्ये 16 पैकी 16 वेळा वाचेल इतकेच ईव्ही द्या आणि उरलेले दुसरीकडे वापरा. कोणाला झेलायचं हे ज्याला सांगता येत नाही, त्याने सपोर्ट निवडलेलाच नाही, त्याने फक्त एक पोतं उभं केलंय.

आता दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनवायलाच हवेत. नुसतं टिकून राहणं म्हणजे सपोर्ट, असं मानणारी एक जमात आहे. यांचा प्राणी मैदानात येतो, स्वतःला बरं करतो, पुन्हा बरं करतो. समोरच्याला कसलाच धाक नसल्याने तो निवांत अटॅक वाढवणारा स्वोर्ड्स डान्स करतो, एकदा, दोनदा, आणि मग त्या भिंतीतून आरपार जातो. पॅसिव्ह प्राणी हा समोरच्याला दिलेला मोकळा टर्न असतो. टॉक्सापेक्स चांगला का होता? डिफेन्स 152 आणि स्पेशल डिफेन्स 142 हे होतंच, पण त्याच्याकडे हेझ होतं. तुम्ही कितीही नाचा, एका मूव्हमध्ये सगळे बूस्ट शून्य. वर स्काल्डने भाजण्याची तीस टक्के टांगती तलवार. नवव्या पिढीत त्याची स्काल्ड काढून घेतली आणि रिकव्हरसारख्या बरं करणाऱ्या मूव्हचा पीपी (ती किती वेळा वापरता येते तो आकडा) जास्तीत जास्त 16 होता तो 8 वर आणला. बरेच डिफेन्सिव्ह खेळाडू यावर चिडले. मला तो बदल पटला. आठच वेळा बरं होता येत असेल तर प्रत्येक वेळी विचार करावा लागतो, आणि विचार न करता जिंकता येत असेल तर तो खेळ कशाला खेळायचा?

(टोकाचा नमुना हवा असेल तर फनब्रो आठवा. स्लोब्रो समोरच्याला ब्लॉकने अडकवायचा, पीपी भरणारी लेप्पा बेरी खाऊन रिसायकलने परत मिळवायचा आणि हील पल्सने चक्क प्रतिस्पर्ध्यालाच बरं करायचा, लढत कधी संपूच नये म्हणून. यावर स्मोगन या खेळाडूंच्या ऑनलाइन समुदायाने न संपणाऱ्या लढतींविरुद्ध नियम केला. त्याला सपोर्ट म्हणणं म्हणजे सपोर्टचा अपमान.)

इन्सिनेरोर याच्या अगदी उलट. आत आला की इंटिमिडेटने समोरच्या दोघांचाही अटॅक एक पायरी खाली, मग फेक आउटने एकाचा टर्न गायब, मग पार्टिंग शॉट मारून बाहेर, आणि दोन टर्नने परत आत, परत इंटिमिडेट. त्याला मैदानात राहायचंच नसतं. डबल्समध्ये त्याचा सगळ्यांना कंटाळा आलाय, मलाही आलाय, तरी टीममधून काढवत नाही. अर्थात समोर डिफायंटवाला किंगॅम्बिट असला तर इंटिमिडेट आपल्याच अंगलट येतं, एक पायरी उतरवायला जावं तर त्याचा अटॅक दोन पायऱ्या चढतो.

एक गोष्ट फार कमी खेळाडू करतात: सपोर्टला वेळेवर मरू देणं. वीस टक्के एचपी उरलेला अमूंगस लोक जिवापाड जपतात, त्याला वाचवायला धडधाकट हल्लेखोर आत आणतात आणि तो वार त्या हल्लेखोराला बसतो. सोडा ना त्याला! तो पडला की तुमचा पुढचा प्राणी ओरखडाही न लागता आत येतो, आणि समोरच्याचा एक टर्न अशा शिकारीवर गेला जिचं काम आधीच झालं होतं. शिवाय चारच प्राणी निवडायच्या फॉरमॅटमध्ये शेवटी एकटा अमूंगस उरला तर तो काय जिंकून देणार आहे? झोपवेल, आणि मग? रिजनरेटरलाही बाहेर जायला कोणी शिल्लक नाही.

राहता राहिला टेराचा, म्हणजे लढतीत प्राण्याचा टाइप बदलण्याचा वाद. नवव्या पिढीत प्रत्येक लढतीत एकदाच टेरास्टलाइज करता येतं, आणि बहुतेकांच्या मते ते सपोर्टवर खर्च करणं उधळपट्टी आहे. मला ते मान्य नाही. समोरच्याने अमूंगसवर फायरचा जबरदस्त वार ठेवलाय, मी टेरा वॉटर करतो, दुप्पट लागणारा वार अर्ध्या जोराने लागतो, शेजारच्याची ट्रिक रूम लागते आणि तिथून पुढे लढत माझ्या वेगाने चालते. एवढंच लक्षात ठेवायचं की वॉटर झाल्यावर तो ग्रास राहत नाही, म्हणजे पावडरपासूनचं त्याचं स्वतःचं संरक्षणही गेलं. समोरही अमूंगस असेल तर तो त्याच टर्नपासून तुमच्या मशरूमला झोपवायला मोकळा.